वेल्शमधलं 'ग्विबॉड' आणि आपलं 'विदित व्हावे' (माहीत असणं आणि ओळखणं)

रानजाई

नमस्कार मंडळी. मी मूळची मिरजेची, नर्स आहे, गेली काही वर्षं उत्तर वेल्समध्ये ग्विनेद भागात एका वृद्धाश्रमात काम करते. हा वेल्श बोलणाऱ्यांचा बालेकिल्ला आहे, २०२१ च्या जनगणनेत अख्ख्या वेल्समध्ये १७.८ टक्के लोकांनी वेल्श येतं असं सांगितलं तर ग्विनेदमध्ये ६४.४ टक्क्यांनी. म्हणजे दुकानात, बसमध्ये, वॉर्डात सगळीकडे कानावर वेल्शच पडतं. आमच्याकडच्या बऱ्याच आजी-आजोबांना विस्मरणाचा आजार आहे आणि त्यात बऱ्याचदा नंतर शिकलेली इंग्रजी आधी जाते, आईची भाषा मागे राहते. म्हणून मी वेल्श शिकायला घेतलं, नाहीतर रात्री दोन वाजता घाबरून उठलेल्या माणसाशी बोलणार तरी कशी?

धागा काढायचं कारण एक आजी. रोज सकाळी मी त्यांचे केस विंचरते. त्या आरशातून माझ्याकडे बराच वेळ बघत राहतात आणि मग म्हणतात, "डुन इ'म पुइ अडाख खी, ऑन्ड ड्विन नाबॉड खी." (ख घशातून खरखरीत, उर्दूतल्यासारखा.) पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या डोक्यात इंग्रजीत काही उमटलंच नाही, सरळ मराठीच उमटलं: "तुम्ही कोण ते मला माहीत नाही, पण मी तुम्हाला ओळखते."

हे इंग्रजीत सांगायला गेले तर दोन्हीकडे एकच क्रियापद येतं आणि वाक्याचा जीवच जातो, माहीत नाही पण माहीत आहे असलं काहीतरी वेडंवाकडं होतं. वेल्शमध्ये दोन वेगळी क्रियापदं आहेत. ग्विबॉड म्हणजे एखादी गोष्ट माहीत असणं आणि अडनाबॉड (बोलताना नुसतं नाबॉड) म्हणजे माणूस, जागा ओळखीची असणं. अगदी आपल्यासारखं. त्या दिवसापासून हे ग्विबॉड माझ्या डोक्यात बसलंय. त्याचं मूळ काय, ते असं कसं चालतं, इथे भाषेतले जाणकार आहेत म्हणून विचारते. रूपं मला पाठ आहेत, कारणं माहीत नाहीत.

धातुपाठ

रानजाई ताई, वाचून थांबलो थोडा वेळ. त्या आजींना माझा नमस्कार सांगा.

मी संस्कृत शिकवायचो, आता निवृत्त आहे. वेल्श बोलता येत नाही पण तौलनिक भाषाशास्त्राच्या नादात केल्टिक भाषांचं (वेल्श, आयरिश वगैरे) थोडं वाचन झालंय. ग्विबॉड हा शब्द फोडला की दोन तुकडे पडतात, ग्विद आणि बोड, मधला द पुढच्या ब मध्ये विरून गेलाय. आता नीट बघा. ग्विद म्हणजे आपला विद् धातू, जाणणे. आणि बोड म्हणजे असणे, तो आपला भू. म्हणजे ग्विबॉड = विद् + भू.

आता म्हणाल व चा ग्व कसा झाला. तो वेल्शचा नियमच आहे, शब्दाच्या सुरुवातीला जुना व आला की त्याच्यापुढे ग उगवतो. एकटा शब्द दाखवून पटत नाही म्हणून अजून देतो: वीर - गूर (पुरुष, नवरा), विधवा - ग्वेदू (विधवाच), वात - ग्विन्ट (वारा). तसंच भ चा ब: भ्रातृ - ब्राउड (भाऊ), भू - बोड. हे एकमेकांकडून उसने घेतलेले शब्द नाहीत, एकाच आजीची नातवंडं आहेत.

आणि तुम्हा सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण सांगू? जुन्या मराठी पत्रांत असतं ना, "आपणांस विदित व्हावे". विदित विद् चं, व्हावे भू चं. ग्विबॉड म्हणजे शब्दशः 'विदित होणे'. तिकडे तो एकच शब्द होऊन बसला, आपल्याकडे दोन सुटे राहिले.

सुगरण_मेघा

बापरे!! विदित व्हावे!! आमच्या आजोबांच्या ट्रंकेत अशी पत्रं होती, प्रत्येक पत्रात दुसऱ्याच ओळीत हे असायचं. अंगावर काटा आला वाचताना.

मंदार_के

इंटरेस्टिंग. म्हणजे वेद हा शब्द थेट वेल्समध्ये पोचला होता तर. मी मागे कुठेतरी वाचलं होतं की तिकडचे ड्रुइड (जुन्या केल्टिक लोकांचे पुरोहित) म्हणजे आपले वैदिक ऋषीच, इथून चालत गेलेले, आणि ड्रुइडमध्येही विद् आहेच. मग वेल्श ही संस्कृतची मुलगी म्हणायला काय हरकत आहे, गोरे लोक हे मान्य करत नाहीत एवढंच.

धातुपाठ

मंदार, थोडं सविस्तर लिहितो, कारण हा घोटाळा नेहमी होतो आणि त्यात खरी गोष्ट, जी जास्त सुंदर आहे, ती झाकली जाते.

ड्रुइडमधला दुसरा तुकडा विद् आहे हे बरेच अभ्यासक मानतात, आणि पहिला तुकडा झाडाचा, म्हणजे आपल्या 'देवदार'मधल्या दारूचा भाऊबंद. 'ओकवृक्ष जाणणारा' असा अर्थ लावतात, काही जण पहिला तुकडा नुसता 'पक्का, थोर' अशा अर्थाने घेतात. इथपर्यंत तुमचं बरोबर. पण त्यावरून कोणी कुठून चालत गेलं हे सिद्ध होत नाही. ग्रीकमध्ये 'ओइदा' म्हणजे 'मला माहीत आहे', लॅटिनमध्ये 'विदेरे' म्हणजे बघणं, तेही याच धातूचे. मग ऋषी अथेन्सलाही गेले आणि रोमलाही गेले असं म्हणावं लागेल. संस्कृत आणि वेल्श मायलेकी नाहीत, लांबच्या बहिणी आहेत, दोघींची आई त्याहून जुनी आणि तिने लिहून काहीच ठेवलं नाही.

आणि हे नातं उघडपणे मांडलं गेलं ते आपल्याच देशात, कलकत्त्याला. २ फेब्रुवारी १७८६ चं विल्यम जोन्सचं एशियाटिक सोसायटीतलं भाषण, संस्कृत ग्रीक लॅटिन एका मुळातून आल्या असाव्यात म्हणून, आणि लगेच पुढे तो म्हणतो की गॉथिक आणि केल्टिकसुद्धा त्याच कुळातल्या मानायला जागा आहे, आधारही तितका भक्कम नसला तरी. या जोन्सचे वडील, त्यांचंही नाव विल्यम जोन्स, ते अँगलसी बेटावरचे, म्हणजे रानजाई ताईंच्या शेजारचेच. गणितातलं पाय हे चिन्ह १७०६ साली त्या अर्थाने पहिल्यांदा छापलं ते याच वडिलांनी. केल्टिक भाषांची शास्त्रशुद्ध जुळणी मात्र पुढच्या शतकात झाली, झॉइस नावाच्या जर्मन पंडिताचं मोठं व्याकरण १८५३ चं.

मंदार_के

ओके सर, बहिणी हे पटलं. ते गणिताचं माहीत नव्हतं. वाचतोय, लिहा पुढे.

रानजाई

धातुपाठ सर, मी ड्युटीवरून आले आणि चहा गार होईपर्यंत हेच वाचत बसले. आता मला माझ्या तक्त्याचं कोडं उलगडायला लागलंय, बघा बरोबर आहे का.

वर्तमानकाळाची जुनी रूपं अशी आहेत: गुन (मला माहीत आहे), ग्विदॉस्ट (तुला), गूइर (त्याला, तिला), ग्विदॉम (आम्हाला), ग्विदॉख (तुम्हाला), ग्विदान्ट (त्यांना). यातला द इंग्रजीतल्या 'द'सारखा मऊ. आता यात बोड कुठेच नाही! पण भूतकाळात ग्विबीम, ग्विबी अशी रूपं येतात, आणि नुसत्या बोडची भूतकाळाची रूपं आहेत बीम, बी. म्हणजे तिथे बोड उघड दिसतो. आमच्या क्लासमध्ये सांगितलं होतं की हे क्रियापद अनियमित आहे, पाठ करा, बस्स. मी पाठ केलं. पण हे अनियमित वगैरे नाहीचे, दोन क्रियापदांचा संसार आहे, वर्तमान एकट्या विद् ने सांभाळलाय आणि बाकीचं भू ने ओढलंय, असंच ना?

धातुपाठ

अगदी असंच. आणि वर्तमान एकटा विद् का सांभाळतो त्याचंही कारण आहे. संस्कृतात 'वेद' हे नाम आहे तसं क्रियापदाचं रूपही आहे, 'मी जाणतो', 'तो जाणतो' दोन्हीला 'वेद'. दिसायला ते रूप भूतकाळाचं (व्याकरणात लिट् म्हणतात), पण अर्थ वर्तमानाचा. कारण मुळात धातूचा अर्थ बघणं. मी पाहिलंय, म्हणजे आता मला माहीत आहे. ग्रीक ओइदा तसंच. वेल्शच्या यातल्या बऱ्याच रूपांच्या बुडाशी तेच जुनं रूप आहे, काही घासून गेली, काही नव्याने बेतली गेली, पण घराणं तेच. हे रूप इतकं जुनं आणि इतकं रोजच्या वापरातलं की त्याला बोडच्या टेकूची गरज पडली नाही. जिथे जुनी रूपं अपुरी पडली तिथे भू मदतीला आला.

आणि बघण्याचा अर्थ वेल्शमध्ये अजून एका जागी जिवंत आहे. गूइद म्हणजे समक्षता, समोर असणं. 'अंग ङूइद पाउब' म्हणजे सगळ्यांसमोर.

सुगरण_मेघा

सगळ्यांदेखत!! देखत म्हणजे बघणंच की. सर हे तर आपल्यासारखंच झालं.

धातुपाठ

मेघा, शाब्बास. माझ्या हे लक्षात आलं नव्हतं, मी 'समक्ष'वर अडकलो होतो. देखत जास्त चपखल आहे.

कोरा_कागद

एक बाळबोध प्रश्न. आत्ता गूइद होतं ते एकदम ङूइद कसं झालं, आणि वर आजींच्या वाक्यात तर ना गुन दिसतंय ना ग्विबॉड, 'डुन' काय आहे?

रानजाई

बाळबोध नाहीये, सगळे लर्नर इथेच रडतात. मराठीत विभक्ती लागताना शब्दाचा शेवट बदलतो ना, घोडा पण घोड्याला, तसं वेल्शमध्ये शब्दाची सुरुवात बदलते, आधी कोण आलंय त्यावर. 'च्या मध्ये' अर्थाचा शब्द आला की ग चा ङ होतो, म्हणून ङूइद. आणि दुसरा एक मऊ बदल आहे त्यात ग चक्क गळून जातो. नकार असला की तो मऊ बदल होतो, म्हणून गुन चं 'उन इ दिम', मला माहीत नाही. आमच्या उत्तरेकडे त्याच्या पुढे जुन्या नकाराचा एक ड चिकटून राहिलाय, 'डुन इ दिम', आणि घाईत 'डुन इ'म'. आजींचं ते हेच.

आता बोलताना रोज असंच म्हणतात असं नाही बरं का, पुस्तकातला पहिला धडा वेगळा आहे: 'ड्विन ग्विबॉड', शब्दशः 'आहे मी जाणण्यात'. क्रियापद आधी, कर्ता नंतर, आणि ग्विबॉड इथे नामासारखं वापरलंय, आपलं 'जाणणं' असतं तसं. दक्षिणेत तेच 'विन गूबॉड' होतं आणि नकारात 'सा इन गूबॉड', माझी मैत्रीण स्वान्सीला आहे तिचं ऐकलं की मला दोन सेकंद लागतात.

तर मग जुनी रूपं मेली का? नाही, ती बोलण्याच्या सांध्यांमध्ये जाऊन बसलीयेत. 'अम उन इ' म्हणजे माझ्या माहितीप्रमाणे, 'असावं बुवा' या सुरात, दिवसातून दहादा ऐकू येतं. 'विदॉख खी', म्हणजे 'तुम्हाला माहितीये का', गोष्ट सांगायला सुरुवात करताना आजोबा लोक म्हणतात, आणि मग खुर्ची ओढून बसायचं, कारण पुढचा अर्धा तास गेलेला असतो.

धातुपाठ

ताई, ग गळण्याबद्दल एक भर. तो ग शब्दाच्या तोंडाशी नंतर उगवला म्हणालो ना, मऊ बदलाच्या जागी तो कधी उगवलाच नव्हता. म्हणजे तुम्ही 'विदॉख' म्हणता तेव्हा तुमच्या तोंडून जुना मूळचा व बाहेर पडतो. विद् च.

रानजाई

सर!! हे उद्या आमच्या क्लासच्या बाईंना सांगणार.

सायली_डब्लिन

मी आयर्लंडमध्ये असते, मुलीला शाळेत आयरिश आहे म्हणून तिच्याबरोबर मीही शिकते. आयरिशमध्ये व चा फ झालाय, ज्ञान म्हणजे 'फिस', हा शब्द याच विद् चा. आणि 'मला माहीत आहे' कसं म्हणतात तर 'टा इस अगम' (फ इथे बदल होऊन उच्चारातून जातोच). शब्दशः 'त्याचं ज्ञान माझ्यापाशी आहे'. मी जाणतो नाही, माझ्यापाशी आहे. मुलीला घरी समजावताना मी इंग्रजीतून न सांगता 'मला माहीत आहे' वरून सांगितलं, तिला एका झटक्यात कळलं, कारण मराठीत पण 'मी' नाहीच, 'मला' आहे. भारतीय भाषा घरात असल्याचा असाही फायदा होतो हे शाळेत कोणी सांगत नाही.

वाटसरू७१

सुंदर धागा. एक शंका, अडनाबॉडमध्ये पण शेवटी बॉड आहे, म्हणजे तिथेही भू आहे का? मग सुरुवातीचं काय?

धातुपाठ

हो, तिथेही भू. सुरुवातीचा अड हा उपसर्ग, 'पुन्हा' अशा छटेचा. आणि मधला 'ना' म्हणजे आपला ज्ञा! आधी ग्ना होता, ग गेला. ज्ञा पासूनच मराठीत जाणणे आलं. तर त्या आजींच्या एका वाक्यात विद् पण आहे आणि ज्ञा पण आहे, आणि दोघं आपापलं काम चोख करतायत. 'पुन्हा जाणणं' म्हणजे ओळखणं, हे मला फार आवडतं. आधी कधीतरी जाणलेलं पुन्हा समोर आलं की आपण ओळखतो.

मराठीत गंमत अशी की ज्ञा आणि विद् दोन्ही घरात असून रोजच्या बोलण्यात आपण तिसरेच शब्द घेतले, माहीत, ठाऊक, ओळख. पण भेद मात्र तोच ठेवला. शब्द बदलले तरी खण तेच राहिले.

मंदार_के

सर 'देव जाणे' मध्ये ज्ञा आहे ना मग?

रानजाई

मंदार, तू बरोब्बर तिथे पोचलास! वेल्शमध्ये 'ड्यू अ ऊइर'. ड्यू म्हणजे देव. ऊइर म्हणजे गूइर, ग गळलेला, जाणतो. देव जाणे! अगदी त्याच ठिकाणी वापरतात, डॉक्टर कधी येणार, पाऊस कधी थांबणार, ड्यू अ ऊइर. आणि 'पुइ अ ऊइर' म्हणजे कोण जाणे. मला वाटायचं योगायोग. सर, ड्यू आणि देव पण एकच का?

धातुपाठ

एकच. ड्यू आणि देव सख्खे. पुइ आणि आपला 'क'सुद्धा (कः, कोण), तिकडे मूळ क्व चा प झाला. म्हणजे 'ड्यू अ ऊइर' संस्कृतात घातलं तर जवळजवळ 'देवो वेद'. क्रियापद मात्र तिथे विद् आणि मराठीत ज्ञा, एवढाच फरक.

म्हण म्हणून तिथे सुचली आणि इथेही सुचली, एकमेकांचं न ऐकता, असंही असू शकतं. शब्द एका मुळाचे आहेत हे खात्रीने सांगता येतं, म्हण तेवढी जुनी आहे असं मी म्हणणार नाही.

कोरा_कागद

आता मी पण नेटवर शोधलं, बुद्धिबळाला वेल्शमध्ये 'ग्विदबुइल' की असंच काहीतरी म्हणतात, म्हणजे विद्-बुद्धी, बरोबर?

धातुपाठ

इथे पाय घसरतो बघा, माझाही घसरला होता. हा ग्विद वेगळा, झाडं किंवा लाकूड अर्थाचा. दुसरा तुकडा बुद्धी, शहाणपण. म्हणजे 'लाकडी बुद्धी', लाकडाच्या पटावरचा खेळ. दिसायला सारखे, मूळ निराळं. म्हणून एकटा शब्द घेऊन कधी उडी मारू नये, रांगेत चार दिसले पाहिजेत.

विद् चे खरे वंशज हवे असतील तर ते असे: ग्विबॉडाइथ म्हणजे माहिती, आणि ग्विदॉन्याइथ म्हणजे विज्ञान. आणि डेनबीच्या टॉमस गी ने १८५४ ते १८७९ मध्ये वेल्श भाषेत दहा खंडांचा ज्ञानकोश छापला, त्याचं नाव 'ग्विदॉन्याडिर'. आपल्या केतकरांच्या ज्ञानकोशाच्या कितीतरी आधी. त्यांनी नाव ठेवताना विद् घेतला, केतकरांनी ज्ञा.

वाटसरू७१

आणि बोड? भू चे वंशज?

रानजाई

हे मी सांगते, कारण हे माझ्या रोजच्या रस्त्यावर आहे. बोड म्हणजे असणं, आणि जुन्या भाषेत राहण्याची जागा पण. कॉन्वी नदीच्या खोऱ्यात बोडनान्ट म्हणून प्रसिद्ध बाग आहे, नान्ट म्हणजे ओढा, ओढ्याकाठचं घर. आणि डोंगरावर हावॉड नावाची घरं जागोजागी. हाव म्हणजे उन्हाळा, अधिक बोड. उन्हाळ्यात गुरं वर चरायला न्यायची तेव्हा राहायचं घर, थंडीत खाली यायचं. आमच्याकडचे एक आजोबा लहानपणी त्यांच्या आजोबांकडून ऐकलेल्या हावॉडच्या गोष्टी सांगतात, सुरुवात अर्थातच 'विदॉख खी'ने.

धातुपाठ

ताई, 'भवन' पण भू पासूनच. असणं आणि राहणं, दोन्हीकडे एकाच धातूत.

सुगरण_मेघा

रानजाई, ते तिसरं कसं म्हणतात, मला पोहता येतं, मला मराठी येतं असं? तिथे माहीत पण नाही आणि ओळखते पण नाही.

रानजाई

मेघा, त्यालाही वेगळं क्रियापद आहे! उत्तरेत 'मेड्री', जमणं, येणं. क्लासमध्ये बाकीचे सगळे या तिघांत गोंधळतात कारण ते इंग्रजीतून येतात, मी सुरुवातीला तसंच करत होते, 'मी त्या बाईंना ग्विबॉड' म्हणून मोकळी व्हायचे. मग ठरवलं की वहीत इंग्रजी अर्थ लिहायचाच नाही. आता वहीत तीनच ओळी आहेत: ग्विबॉड माहीत असणं, नाबॉड ओळखणं, मेड्री येणं. त्यानंतर चूक झाली नाही.

आज सकाळी केस विंचरताना आजींनी विचारलं, मी फोनवर कोणत्या भाषेत बोलत होते (आईचा फोन होता). म्हटलं मराठी. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून बघितला, र चांगला खणखणीत, वेल्श र तसाच असतो. मग विचारलं, तुझ्या मुलांना येतं का? मी म्हटलं, "अडिन, मान न्हून मेड्री मराठी." हो, त्यांना मराठी येतं. "डा यॉन," म्हणाल्या, छान झालं, आणि माझा हात धरून ठेवला, कंगवा तसाच केसात.